मान आणि मानधन

मुंबईच्या कामगार इतिहासात १८९० हे साल रविवारच्या सुट्टीसाठी लक्षात ठेवले जाते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्या गोळा केल्या, सभा भरवल्या, आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच साली याच शहरातल्या आणखी एका कष्टकरी वर्गासाठी कायदा झाला, पण त्याची आठवण कोणी काढत नाही. घरोघरचे संडास साफ करून मैला वाहून नेणारे कामगार, म्हणजे नगरपालिकेच्या भाषेतले हलालखोर, यांनी १८८९ मध्ये संप केला होता. त्याला सरकारने दिलेले उत्तर म्हणजे १८९० चा म्युनिसिपल नोकरांविषयीचा पाचवा कायदा. रजा न घेता किंवा आगाऊ सूचना न देता सफाई कामगाराने काम सोडले, तर या कायद्याने तो गुन्हा ठरत होता आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा होती. एकाच वर्षी एका कामगाराला घरी बसण्याचा हक्क मिळाला आणि दुसऱ्याला घरी बसल्याबद्दल कैदेची भीती मिळाली. दोघांच्या पगारात फरक होता, पण त्याहून मोठा फरक हा की एकाच्या कामाचा करार होता आणि दुसऱ्याचे काम त्याच्या अंगाला चिकटवलेले होते. ज्याच्यावाचून शहराचे दोन दिवसही निभत नाहीत, त्याला शहर जास्त मोल देईल असा आपला सरळ हिशेब असतो. १८९० च्या कायद्याने तो उलटा करून दाखवला. काम जितके अटळ, तितका ते करणाऱ्याचा नकार असह्य, आणि म्हणून तितका दंडनीय.

यातली शब्दांची गोष्टही पाहण्यासारखी आहे. 'हलालखोर' म्हणजे कष्टाचे, हक्काचे खाणारा. शब्द वाईट नाही, उलट मानाचा आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात या सेवेसाठी 'हलालखोर कर' होता. म्हणजे शहराने या माणसाचे नाव आपल्या करपद्धतीत कोरले, त्याच्या कामाचे पैसे नागरिकांकडून नियमाने वसूल केले, आणि त्याला मात्र राजीनामा देण्याची मोकळीक ठेवली नाही. 'बिगारी' या शब्दाची कथा याहून उघड आहे. वेठबिगारीतला हा शब्द. बिनमोल राबवून घेतलेल्या माणसाचे हे नाव महाराष्ट्रातल्या नगरपालिकांच्या आस्थापनेवर पगारी पदाचे नाव होऊन बसले. कमी पगाराच्या सेवेतल्या माणसाच्या सन्मानाविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते लगेच वागणुकीकडे वळते. त्याला 'अरे' म्हणू नये, 'काका' म्हणावे, पाणी विचारावे, दिवाळीला मिठाई द्यावी. हे सगळे करावेच. परंतु गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचे पुरावे चाळले तर सन्मानाचा माग गोड बोलण्यापाशी लागत नाही, तो वहीपाशी लागतो. त्या वहीत कोणाचे नाव आहे, आणि ती वही कोणाला बांधते, हे पाहावे लागते. १८९० मध्येही नोंद होतीच, पण ती फक्त खालच्या माणसाला बांधत होती. जिथे तीच नोंद वरच्या माणसालाही बांधू लागली, तिथे मान आला. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि त्याचा सर्वात भक्कम पुरावा हमालांच्या इतिहासात आहे.

तिकडे वळण्याआधी एका जुन्या आणि वजनदार आक्षेपाचा विचार केला पाहिजे. गांधीजींनी सफाईच्या कामाला पावित्र्य देण्याचा प्रयत्न केला. स्वतः संडास साफ केले, आश्रमात प्रत्येकाला करायला लावले. श्रमाची प्रतिष्ठा आधी मनात रुजली पाहिजे, कायदा मागाहून येतो, अशी ती भूमिका होती. तिच्यातली कळकळ खरी होती, आणि सवर्ण घरातल्या अनेकांना तिने पहिल्यांदा हातात झाडू दिला, हेही खरे. पण डॉ. आंबेडकरांनी या भूमिकेतली फट नेमकी दाखवली. ज्याला हे काम सोडताच येत नाही, त्याच्यापुढे त्या कामाचे गुणगान गाणे म्हणजे त्याच्या बेडीला मुलामा देणे. त्यांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो पगार, रजा, नोकरीची शाश्वती अशा रोकड्या मागण्यांसाठी. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई कायदेमंडळात औद्योगिक कलहाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी मांडलेला मुद्दा या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी जातो. संप करणे म्हणजे फार तर करारभंग. त्याबद्दल शिक्षा ठोठावणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे, आणि ती गुलामगिरीच. हा युक्तिवाद गिरणी कामगारांपुरता नव्हता. १८९० चा कायदा ज्यांच्यावर लादला गेला, त्यांच्या संघटनेचा नेता तो करत होता. आश्रमातल्या माणसाने झाडू हाती घेतला तो स्वेच्छेने, आणि स्वेच्छा हाच तर सन्मानाचा गाभा. नाही म्हणण्याची सोय आधी, कामाचे पावित्र्य नंतर. हा क्रम उलटला की पावित्र्यही जुलमाच्या कामी येते.

आता हमाल. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काही वर्षांत कामगारांसाठी कायद्यांची रांग लागली. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ चे कारखाने आणि राज्य विमा यांचे कायदे, १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा. या सर्वांना एक गोष्ट गृहीत होती: कामगाराला मालक असतो. मुंबईच्या दाणाबंदरातला, मस्जिद बंदरातला किंवा पुण्याच्या भवानी-नाना पेठेतल्या घाऊक बाजारातला हमाल या गृहीतात बसतच नव्हता. तो सकाळी एका पेढीची गाडी खाली करी, दुपारी दुसऱ्या गाळ्यात थप्पी लावी, संध्याकाळी हुंडेकऱ्याचा माल भरी. मजुरी पोत्यावर. पोते शंभर किलोचे, कधी त्याहून जड. त्याची हमाली शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलेली. त्यामुळे अडत्या म्हणायचा, हा माझा नोकर नाही. शेतकरी तर माल टाकून गावी गेलेला. टोळीचा मुकादम म्हणायचा, मी फक्त माणसे पुरवतो. तिघांनी हात झटकल्यावर उरतो तो पाठीवर पोते घेतलेला माणूस, आणि पाय घसरून मणका मोडला तर त्याने कोणाकडे बोट दाखवायचे, याला उत्तर नव्हते. अडीअडचणीला मुकादमाकडून किंवा व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, आणि उचल घेतली की भावाविषयी तोंड उघडायचे नाही. आजारपणाची रजा, म्हातारपणाची सोय, हे शब्द त्या बाजारात निरर्थक होते. मालक नसलेला माणूस खरे तर स्वतंत्र असायला हवा. इथे मालक नसणे म्हणजे कोणाचीच जबाबदारी नसणे होते.

पुण्यात नाना पेठेत वैद्यकी करणाऱ्या डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची युनियन बांधली. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. साताऱ्याकडच्या कोरडवाहू गावांतून आलेले, गाळ्यांच्या फळ्यांवर आणि फुटपाथवर झोपणारे हे लोक. दोन्ही संघटनांचा स्वभाव वेगळा, राजकारण वेगळे, पण दोन्हींनी विचारलेला प्रश्न एकच: आमचा मालक कोण? या रेट्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्यातली युक्ती पूर्णपणे नवी नव्हती. बंदरावरच्या गोदी कामगारांसाठी १९४८ च्या केंद्रीय कायद्याने तशी मंडळे शक्य केली होती. पण ती युक्ती सरकारी बंदराच्या आवारातून उचलून विखुरलेल्या खासगी बाजारपेठेत लागू करणे ही मोठी झेप होती. मालक एकच असला पाहिजे हा हट्टच या कायद्याने सोडून दिला. कामगार, व्यापारी आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे त्रिपक्षीय मंडळ नेमले. हमालाने मंडळात नाव नोंदवायचे, आणि व्यापाऱ्यानेही नोंदवायचे. व्यापाऱ्याने मजुरी हमालाच्या हातावर न ठेवता मंडळात भरायची, तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी यांची तरतूद करायची.

हे वाचायला रुक्ष वाटते, पण सन्मानाच्या दृष्टीने यातल्या एकेका कलमाचा अर्थ काय होतो तो पाहा. मजुरी मंडळात जमा होते, म्हणजे संध्याकाळी गाळ्याच्या पायरीशी पैशासाठी ताटकळणे संपले. पैसे मागावे लागत नाहीत, म्हणून शेठच्या मर्जीचा अंदाज घेत बोलावे लागत नाही. दहा व्यापाऱ्यांकडे केलेल्या कामाची एका ठिकाणी बेरीज होते, म्हणजे दिवसापुरत्या तुकड्यांचे पहिल्यांदा एक सलग आयुष्य होते. वीस वर्षे काम केले असे म्हणता येते आणि ते सिद्धही करता येते. त्या सिद्धतेवर पतपेढी कर्ज देते, घर बांधता येते. नवी मुंबईत कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहती आणि रुग्णालय उभे राहिले ते याच पायावर. पुण्यात हमाल पंचायतीने १९७० च्या दशकात 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचे केंद्र चालू केले. ओझे वाहणाऱ्याला बाजारात पोटभर आणि ताठ मानेने बसून खाता यावे, एवढी साधी ती कल्पना. हे सारे कोणाच्या उदारपणावर अवलंबून नव्हते, हे त्यातले मोलाचे. व्यापारी चांगला असो की तिरसट, लेव्ही तेवढीच. पोत्याच्या वजनाचेही तेच. शंभराचे पोते पन्नासावर यावे ही हमालांची मागणी अनेक वर्षांची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच एका माणसाने उचलायच्या वजनाला पंचावन्न किलोची शिफारस केली होती. मणक्यांची झीज दयेने थांबत नाही, पोत्याच्या मापाने थांबते.

यावरचा सर्वात गंभीर आक्षेप व्यापाऱ्यांचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. माथाडी कायद्याच्या नावाखाली बोगस टोळ्या कारखान्याच्या दाराशी उभ्या राहतात, न केलेल्या कामाचे पैसे उकळतात, कोणाला माल उतरवू देत नाहीत, अशा तक्रारी पुण्याच्या आणि मुंबईच्या आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात वर्षानुवर्षे आहेत. त्या खऱ्याही आहेत. २०२३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले तेव्हा हेच कारण पुढे केले, आणि माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण रोग खंडणीचा आणि शस्त्रक्रिया मात्र कायद्याच्या व्याप्तीवर, असे त्यांना दिसत होते. मला त्यांचे म्हणणे पटते. खंडणी हा फौजदारी गुन्हा आहे, त्यासाठी पोलीस आहेत. शिवाय या दुखण्याचे मूळ तपासले तर ते नोंदीच्या अतिरेकात सापडत नाही, नोंदीच्या विक्रीत सापडते. जिथे मंडळाच्या वहीतले नाव आणि प्रत्यक्ष पोते उचलणारा हात वेगळे होतात, नोंदलेला माणूस आपला हक्क दुसऱ्याला भाड्याने देतो, तिथे पुन्हा एक बिननावाचा हमाल तयार होतो. संघटनांनी या प्रकाराकडे वेळीच डोळे वटारले नाहीत, हा दोष त्यांच्या पदरी टाकलाच पाहिजे. पण तो दोष सांगून व्यापारी जे मागतात ते पन्नास वर्षांपूर्वीचे 'हा माझा नोकर नाही' हेच उत्तर आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. माथाडींना कायदा मिळाला कारण ते संख्येने मोठे होते, एका मोक्याच्या बाजाराची नाडी त्यांच्या हातात होती, आणि त्यांच्यातले बहुसंख्य मराठा समाजातले असल्याने सत्तेच्या दारापर्यंत त्यांचा आवाज पोचत होता. अण्णासाहेब पाटील आमदार झाले. हमालाच्या कष्टाला लोक हलके मानत असतील, पण त्याच्या स्पर्शाला विटाळ मानत नव्हते. ज्यांच्या कामावर जातीची घाण फेकलेली आहे, त्यांचे काय? पुण्यातल्या कचरावेचक बायकांचा अनुभव या प्रश्नाला अर्धे उत्तर देतो. जवळजवळ सगळ्या दलित समाजातल्या या स्त्रिया कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला विकत. त्यांना मालकच काय, गिऱ्हाईकही नव्हते. शहराच्या नजरेत त्या कामगार नव्हत्याच. पोलिसांच्या नजरेत चोर आणि सोसायटीच्या नजरेत उपद्रव. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिने सुरुवातीलाच मागितले ते ओळखपत्र. पगार नाही, अनुदान नाही, फोटो लावलेले एक कार्ड, ज्यावर पुणे महानगरपालिकेची मान्यता असेल. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ती मान्यता मिळाली. त्यानंतर वैद्यकीय विमा आला आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही या कामगारांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. जातीचा विटाळ कार्डाने पुसला का? नाही. लिफ्ट वापरू न देणारी, पाणी वरून ओतणारी घरे पुण्यात उरलीच. पण चोरीचा आळ आल्यावर चौकीत दाखवायला काहीतरी हातात आले, आणि दरमहा शुल्क थकवणाऱ्या घराला 'पैसे द्या' म्हणण्याचा अधिकार आला. तिरस्कार करणाऱ्याचे मन कायद्याला बदलता येत नाही. त्या तिरस्काराला कामाच्या अटी ठरवू न देणे त्याला जमते, आणि तेही जातीने गांजलेल्या माणसाला फार असते.

ज्यांना हे फार नीट कळले ते कंत्राटे लिहिणारे लोक होते. नोंद सन्मान देते, तर सन्मान टाळायचा उपाय सोपा: नोंदच टाळा. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होत असे. मुंबईत कचरा वाहण्याची कंत्राटे वीसहून कमी माणसांची केली जाऊ लागली. काम तेच, गाडी तीच, माणसेही तीच, पण कागदावर छोटे छोटे तुकडे. कामगारांना कधी स्वयंसेवक म्हटले गेले आणि त्यांच्या मजुरीला मानधन. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा बनाव न्यायाधिकरणापुढे आणि मग थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत उलगडून दाखवला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना महापालिकेचे कायम कामगार मानण्याचा निर्णय कायम ठेवला. या लढ्याला वीसेक वर्षे लागली. दरम्यान कित्येकजण वारले, कारण क्षेपणभूमीचा धूर आणि सडका कचरा न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाहीत.

'मानधन' हा शब्द इथे नीट ऐकला पाहिजे. कीर्तनकाराला, परीक्षकाला, व्याख्यात्याला जे देतात ते मानधन. त्याच्या विद्येची किंमत करता येत नाही म्हणून मानापोटी दिलेले धन. हा सुंदर शब्द आपल्या प्रशासनाने नेमका उलट्या कामाला लावला. जिथे किमान वेतन द्यायचे नाही तिथे मानधन द्यायचे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या बालविकास योजनेतली अंगणवाडी सेविका, २००५ नंतर गावोगाव नेमलेली आशा, या दोघींना मिळते ते मानधन. घरकामगारांच्या बाबतीत शब्द आणखी एक पायरी चढला. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला तेव्हा त्या सुट्टी, बोनस, पगारवाढ मागत होत्या, म्हणजे कामगार जे मागतो तेच. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात बाईने नाव नोंदवायचे आहे, पण तिला कामावर ठेवणाऱ्या घराने नोंदवायचे नाही, लेव्ही भरायची नाही. माथाडी कायद्याचा कणाच काढून घेतलेला हा कायदा. त्याच्याखाली वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्या नोंदणीकृत बाईला दहा हजार रुपये एकदा देण्याची योजना निघाली, तिचे नाव 'सन्मानधन'. आयुष्यभराच्या भांडी-धुण्याला दिलेले हे दहा हजार रुपये सरकारी तिजोरीतून आले. ज्या घराने तिच्याकडून वीस वर्षे काम करून घेतले त्या घराचा त्यात रुपयाही नाही. घर हे कारखाना नव्हे, तिथे असली बंधने घातली तर लोक बाई ठेवणेच बंद करतील, असे यावर सांगितले जाते. १९६९ मध्ये व्यापारीही हेच म्हणत होते. बाजार बंद पडला नाही, आणि दोघेही नोकरीला जाणाऱ्या शहरी घराला बाईवाचून चालणार नाही हे ते घर स्वतः सर्वांत चांगले जाणते.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असा निकाल दिला. त्यासाठी न्यायालयाला आधी हे ठरवावे लागले की त्यांना मिळणारे मानधन म्हणजे वेतनच आहे. ग्रॅच्युइटीचा हिशेब वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाचा, आणि सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर. सेविकेला तो मागता येतो, कारण तिच्याकडे नेमणुकीचा आदेश आहे, त्यावर तारीख आहे, आणि अंगणवाडीत हजेरीची वही आहे. कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या एखाद्या सोसायटीत वीस वर्षे पाच घरची कामे करणाऱ्या बाईला असा दावा करायचा झाला, तर ती कामाला कधी लागली याची तारीख आज तिच्या आणि त्या घरातल्या मालकिणीच्या आठवणीपलीकडे कुठेही लिहिलेली नाही.